पंचवीस टक्के भाऊ

"आई, ह्या नळीत थुंकायचंय."

केसरबाईंनी आधी नळीकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि मग पुन्हा नळीकडे.

"काय करायचंय?"

"थुंकायचंय. ह्या रेघेपर्यंत."

"उभा जल्म गेला पोरास्नी 'हितं थुकू नगं, तितं थुकू नगं' सांगण्यात. आन् आता तू मलाच नळी पुढं करतीस?"

"शुगरची तपासणी आहे."

"शुगर रगतात बघत्यात. थुकीत कवाधरनं बघाय लागलं?"

"नवीन निघालंय. सुई नाही, काही नाही."

सुई नाही म्हटल्यावर केसरबाई जरा नरमल्या. "मग दे. थांब, आधी मिश्री लावून येते."

"मिश्री नाही!" विजयश्री जवळजवळ ओरडलीच. "अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

"मिश्री न्हाई, पानी न्हाई. मग थुकी काय दुकानातनं आणू?"

अडचण खरीच होती. सत्तरी पार केलेल्या बाईचं तोंड, त्यात सकाळची मिश्री चुकलेली. केसरबाईंनी मोशीच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खूप खटपट केली, पण नळीच्या तळाशी जेमतेम दोन थेंब जमले. शेवटी विजयश्रीने चिंचेचं बुटुक आणून आईच्या नाकासमोर धरलं.

"नुसतं बघायचं. खायचं नाही."

"ही कुठली रीत गं? डोहाळं लागलेल्या बाईलाबी आसं छळत न्हाईत." पण म्हणता म्हणता त्यांच्या गालात पाणी सुटलं, आणि नळी भरायला लागली.

"हा फेस आहे, आई. फेस धरायचा नाही."

"दुधाचा हिशेब बी कुनी इतका चोख केला न्हाई माझ्या घरात," केसरबाई म्हणाल्या आणि तोंड पुसून थेट मिश्रीच्या डबीकडे गेल्या.

विजयश्रीने झाकण घट्ट लावलं. शुगरबिगर काही नव्हतं. तिला शोधायचं होतं ते एवढंच, की आपल्या आप्पांना दुसरं घर होतं की नव्हतं. आणि ते आईला न विचारता शोधायचं होतं.

ह्या सगळ्याला सुरुवात झाली होती दिवाळीनंतर. विजयश्रीची मुलगी उत्कर्षा जर्मनीत शिकते. ती सुट्टीवर आली ती डीएनए चाचणीचे तीन डबे घेऊनच. तिकडे ऑफर होती म्हणे. जाताना एक स्वतःची आणि एक आईची थुंकी घेऊन गेली, तिसरा डबा कपाटातच राहिला. महिना-दीड महिन्याने विजयश्रीच्या फोनवर निकाल आला. पहिल्यांदा नकाशा उघडला. अख्खा भारत रंगवलेला, आणि वर लिहिलेलं, की तुम्ही दक्षिण आशियातल्या आहात.

तिचा नवरा ज्ञानेश चाकणच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आला होता. त्याने नकाशा पाहिला आणि म्हणाला, "हे कळायला थुंकावं लागलं? आधार कार्डावर होतं की."

नकाशाखाली मात्र एक यादी होती, जुळणाऱ्या माणसांची. ज्यांनी ज्यांनी त्या कंपनीकडे चाचणी केलीय, त्यातली कोणकोण तुमच्या रक्ताची आहेत, ते सांगणारी. एक बाई मॉरिशसची, एक माणूस बडोद्याचा, एक लंडनचा. सगळी अर्धा टक्का, पाव टक्का जुळणारी, म्हणजे चार-पाच पिढ्यांमागे कुठेतरी नातं लागणारी. विजयश्रीला ते आवडलं. भोसरीत मोटारींच्या सीट कव्हरच्या शिवणकारखान्यात ती लाइनवर सुपरवायझर आहे. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना फोन दाखवून ती सांगायची, "ही माझी मॉरिशसची बहीण."

एका दुपारी उत्कर्षाचा फोन आला.

"मम्मी, बसली आहेस का?"

"बसून कसं चालेल? लाइनवर आहे. बोल."

"मग बस. तुझी यादी आज बघितलीस? सगळ्यात वर एक नवीन नाव आलंय."

विजयश्रीने यादी उघडली. 'डी. एच.', वय पन्नाशीच्या पुढे. खातं सांभाळणारी त्याची मुलगी तेजल, राहणार आयर्लंड. जुळणी पंचवीस टक्के. आणि शेजारी कंपनीने लिहिलेलं नातं, 'हाफ ब्रदर'.

मशिनांची घरघर चालू होती. विजयश्रीला ती एकदम लांबून यायला लागली.

"हाफ म्हणजे काय गं? अर्धा?"

"सावत्र. मम्मी, ऐक, घाबरू नकोस. ह्या खेळाचा पहिला धडा असा, की आकडा खरा मानायचा आणि शेजारचं नातं म्हणजे त्यांचा अंदाज. पंचवीस टक्के जुळणारा माणूस सावत्र भाऊ असतो, नाहीतर काका, मामा, आजोबा, नाहीतर पुतण्या, भाचा."

"मी एकुलती एक. मला भाचा-पुतण्या कुठला? आणि माझ्याच वयाचा काका?"

"तेच ना." उत्कर्षाने आवाज खाली आणला. "म्हणजे आजोबांचं... किंवा मग आजीचं..."

"उत्कर्षा! थोबाड सांभाळ."

"मी नाही म्हणत, मम्मी, गणित म्हणतंय. आजीची चाचणी केली तर कळेल. दुसरा धडा तोच आहे. घरातलं सगळ्यात मोठं माणूस आधी तपासायचं. हा डी. एच. आजीशी जुळलाच नाही, तर तो फक्त आजोबांकडचा."

"आणि त्यालाच सरळ विचारलं तर?"

"विचारू शकतो. पण काय विचारणार? 'तुमचे वडील आमचे वडील आहेत का?' असं?"

विजयश्रीने फोन ठेवला. त्या दिवशी तिच्या लाइनवर एका कव्हराची शिवण उलटी पडली आणि ती तिच्या नजरेतून निसटली. तिच्या हातून असं कधी होत नसे.

आप्पा, म्हणजे गेनबा, पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. कुरुळीहून सायकल मारत जायचे. पावसात डोक्यावर घोंगडी, थंडीत कानाला मफलर, आणि हँडलला अडकवलेला ॲल्युमिनियमचा डबा. तो डबा खड्ड्यागणिक वाजायचा, त्यामुळे आप्पा गावाच्या वेशीत आले की घरात कळायचं. छोटी विजयश्री पळत जाऊन सायकलच्या नळीवर बसायची. आप्पांच्या अंगाला लेथवरच्या कूलंट तेलाचा वास यायचा, आंबूस आणि थंड. आजही कारखान्यात तो वास आला की तिची पावलं थांबतात. बोलायचे फार कमी. रागवायचे त्याहून कमी. जत्रेतून लाल रिबन आणायचे आणि देताना दुसरीकडे बघायचे, जणू ती रिबन रस्त्यात सापडली.

असा माणूस. आणि त्याला दुसरं घर?

पण एक गोष्ट होती. इतकी वर्षं तिने ती मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती. दर भाऊबीजेला आप्पा सकाळी घराबाहेर पडायचे ते अंधार पडल्यावर यायचे. विचारलं की म्हणायचे, "ओव्हरटाइम." एका भाऊबीजेला विजयश्री मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर पिंपरीला गेली होती. वाटेत आप्पांची कंपनी लागली. गेट बंद. गेटवरच्या वॉचमनच्या कपाळाला ओवाळल्याचं कुंकू. मैत्रिणीच्या वडलांनी सहज विचारलं तर वॉचमन म्हणाला, "आज कसली कंपनी, राव? सगळं बंद!" अकरा वर्षांच्या विजयश्रीने ते ऐकलं आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. आप्पा रात्री आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "लय काम व्हतं."

आता त्या बंद गेटाला अर्थ यायला लागला होता, आणि तो तिला नको होता.

केसरबाईंच्या थुंकीची नळी उत्कर्षाच्या एका मैत्रिणीच्या बॅगेतून जर्मनीला गेली. ती गेल्यापासून विजयश्री दिवाणखान्यातल्या आप्पांच्या फोटोला रोज हार घालायची, पण फोटोच्या डोळ्यांत बघायची नाही. पुसायचीसुद्धा कडेकडेने. केसरबाईंच्या ते लक्षात आलं.

"बापाशी भांडलीस का काय?"

"फोटोशी कोण भांडतं, आई?"

"मी भांडते की. रोज," केसरबाई म्हणाल्या. "म्हनलं, मला न सांगता गेलात. सांगून जायाचं व्हतं."

काय सांगून जायचं होतं? पण विजयश्रीची विचारायची हिंमत होईना.

निकाल आला तो विजयश्रीच्या सुट्टीच्या दिवशी. ज्ञानेश दळण आणायला गेला होता, केसरबाई खाली बाकावर बायकांमध्ये. उत्कर्षाचा चेहरा फोनवर उगवला. केस विस्कटलेले, हातात पेन.

"मम्मी, तो आजीशी जुळतोय."

विजयश्रीने खुर्ची ओढून घेतली. "किती?"

"पंचवीस."

"म्हणजे आईचा..."

"नाही, नाही, नाही! पोटचा असता तर पन्नास जुळला असता. आईचं निम्मं मुलात उतरतंच. तो आजीचा मुलगा नाही. पंचवीस म्हणजे भाचा."

"भाचा असायला आधी भाऊ पाहिजे. मला मामा कुठे आहे?"

तिला मामा नव्हता हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिच्या लग्नात गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असा पुकारा केला, तेव्हा आईच्या चुलतभावांपैकी एकाला ओढून आणावं लागलं होतं. त्याच्या हातात अजून जिलबी होती. आत्याही नव्हती. तिच्या बारशाला नाव ठेवायला शेजारची बाई बसली होती म्हणे. लहानपणी आईला विचारलं, की मला मामा, आत्या का नाहीत, तर केसरबाई म्हणायच्या, "न्हाईत गं." एवढंच. विजयश्रीने ते वारले असं धरून टाकलं.

"पण मम्मी, अजून गंमत आहे," उत्कर्षा म्हणाली. "नुसता मामेभाऊ असता तर तुझ्याशी साडेबारा टक्के जुळला असता. तो तर पंचवीस जुळतोय. दुप्पट. वरचे साडेबारा कुठून आले? मी कालपासून डोकं फोडतेय. म्हणजे तो आजोबांकडूनही कुणीतरी लागतो. एकच माणूस दोन्ही बाजूंनी कसा लागेल?"

विजयश्री उठली. शिवणाच्या डब्यातून खडू काढला आणि टेबलावर पडलेल्या रेक्झिनच्या तुकड्यावर रेघा ओढायला लागली. कापड कापताना तिला असंच लागतं, हाताखाली आकृती असल्याशिवाय डोकं चालत नाही. इकडे आई. आईच्या शेजारी आईचा भाऊ. तिकडे आप्पा. हा डी. एच. आईचा भाचा. आप्पांकडूनही तेवढाच हवा, म्हणजे आप्पांचाही भाचा. म्हणजे आप्पांच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे त्याचा बाप आईचा भाऊ आणि त्याची आई आप्पांची बहीण...

खडू थांबला.

"अगं बाई," विजयश्री म्हणाली. "साटंलोटं."

"काय लोटं?"

"साटंलोटं गं. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची मुलगी तुमच्या मुलाला. दोन घरं, एक मांडव, दोन लग्नं. आमच्या गावात पूर्वी व्हायची."

पलीकडे पेन खाली पडल्याचा आवाज आला. "म्हणजे दोन्ही जोडप्यांच्या मुलांचे चारही आजी-आजोबा एकच! मग ती सावत्र भावंडांइतकीच जुळणार! मम्मी, हे त्या कंपनीच्या यादीत नाहीच आहे."

"त्यांच्यात होत नसेल."

विजयश्री हसली आणि लगेच डोळे पुसले. सावत्र भाऊ नव्हे, आते-मामेभाऊ. दोन्ही एकदम. पण हा अजून खडूचाच हिशेब होता. खरं काय ते एकच माणूस सांगू शकत होतं, आणि ते माणूस आता लिफ्टमधून वर येत होतं.

केसरबाईंनी येताना मेथीची जुडी आणली होती. त्या गॅलरीत पाय पसरून निवडायला बसल्या. विजयश्री शेजारी बसली. खाली नाशिक रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या.

"आई, आपल्यात साटंलोटं झालं होतं का गं?"

केसरबाईंचा हात काडीवरच थांबला. "कुनी सांगितलं?"

"तुझ्या थुंकीनं."

केसरबाईंनी लेकीकडे बराच वेळ पाहिलं. मग मेथी बाजूला सारली.

"मला भाऊ व्हता," त्या म्हणाल्या. "हिंदुराव. आन् तुझ्या आप्पांना भैन व्हती, भागू. माझं लगीन तुझ्या आप्पांशी, भागूचं माझ्या भावाशी. एकाच मांडवात. आमी दोघी एकमेकींच्या नणंदा आन् एकमेकींच्या भावजया. मी तिला वन्सं म्हनायची, तीबी मला वन्सं म्हनायची. पानवठ्यावर बाया हसायच्या, म्हनायच्या, ह्यातली मानाची कोन?"

"मग ते गेले कुठं?"

"बैलानं घालवलं." केसरबाईंनी सुस्कारा टाकला. "जत्रंत गाडा पळवायचा ठरला. दोन बैल माझ्या आबांचं, दोन माझ्या सासऱ्यांचं. दोन व्याही, एक गाडा. आन् शर्यतीच्या घाटात गाडा मधीच बाजूला फाकला. आबा म्हनलं तुमचा बैल भ्याला. सासरं म्हनलं तुमचा बैल आडवा शिरला. पुऱ्या जत्रंत पागोटी निघायची बाकी ऱ्हायली. मग सासरं म्हनलं, तुझी लेक घिऊन जा. आबा म्हनलं, तुजी तू घिऊन जा."

"बैलावरून?"

"साटंलोट्यात आसंच आसतं, इजे. हिकडची परत गेली की तिकडचीबी परत येती. नवरा-बायकूला कोन इचारतंय? ठरलं, की चाकणच्या बाजारात दोघींची आदलाबदल करायची. मी गाठुडं घिऊन कांद्याच्या ढिगापाशी बसले. आबा आलं. सासरं आलं. भागूची वाट बघतोय, बघतोय, भागू येईना. हिंदुरावबी न्हाई. दुपारी निरोप आला, की दोघं पहाटंच घर सोडून गेली. म्हन्ली आमी काय येगळं ऱ्हानार न्हाई."

विजयश्रीचे डोळे विस्फारले. "पळून गेले? नवरा-बायको?"

"व्हय! पळून जाऊन लगीन करत्यात ते लय ऐकलंय. लगीन करून पळालेलं त्येच दोघं." केसरबाईंच्या सुरकुत्यांत हसू पसरलं. "आता माझं काय? सासरं म्हनलं, हिला घिऊन जा. आबा म्हनलं, आधी माझा ल्योक दाखवा, मग लेक घेतो. मी आपली कांद्यापाशी. ना हिकडची, ना तिकडची. तवर तुझं आप्पा आलं सायकल घिऊन. कंपनीत नुकतं लागलं व्हतं. बापाम्होरं कदी मान वर केली न्हवती त्या मानसानं. आलं, माझं गाठुडं हँडलला आडकवलं, आन् म्हनलं, 'बस.'"

"सगळ्यांसमोर?"

"पुऱ्या बाजारासमोर! नवऱ्याच्या सायकलवर बसलेली बाई तवा कुनी बघितली व्हती? मी पदर डोळ्यापत्तुर ओढला, आन् बसले."

विजयश्रीला तो बाजार दिसला, ते कांद्याचे ढीग, ती सायकल. आप्पांना तिने कधी एवढं तरुण पाहिलं नव्हतं.

"आबांनी त्या दोघांचं नाव टाकलं. म्हनलं, माझ्या घरात त्यांचं नाव निघायचं न्हाई. आन् मला दरसाल निमगावच्या खंडोबाम्होरं उभं करायचे. बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावायचे. 'तुझा भाऊ कुठं हाय ते तुला ठावं हाय का? बोल.' मी म्हनायची, ठावं न्हाई. खोटं कसं बोलनार देवाम्होरं?"

"पण आप्पांना माहीत होतं."

केसरबाईंनी चमकून पाहिलं.

"भाऊबीजेला जायचे ना ते?" विजयश्री म्हणाली. "ओव्हरटाइमला?"

"तुला म्हाईत व्हतं?"

"गेट बंद असतं, एवढंच माहीत होतं."

"भागूकडं जायाचे. ववाळून घ्यायला. पयल्या साली मला सांगाय लागले, ती कुठं ऱ्हाती. मी तोंडावर हात ठिवला त्यांच्या. म्हनलं, मला पत्त्या सांगू नका. सांगितलात तर मला देवाम्होरं खोटं बोलावं लागंल. लुगडं मीच घिऊन द्यायची, करंज्या मीच बांधून द्यायची. आले की एवढंच इचारायची, 'हायत का बरी?' ते म्हनायचे, 'हायत.' झालं. म्हनलं, आबा हायत तवर आसंच. आबा गेल्यावर सगळं इचारून घिऊ." केसरबाई थांबल्या. "आन् तुझं आप्पाच आदी गेलं. कंपनीतच, मशिनीपाशी. आबा त्येच्या म्होरल्या साली गेले. पत्त्या सांगनारं मानूस ऱ्हायलंच न्हाई."

खाली कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

"आई, मला वेगळंच वाटलं होतं," विजयश्री खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, आप्पांनी बाहेर..."

"भाईर?" केसरबाईंना कळायला क्षण लागला. मग त्या अशा हसल्या की ठसका लागला. विजयश्रीने पाठ चोळली. "तुझ्या बापानं? आगं, त्या मानसाला घरातल्या बायकूसंगं बोलायची लाज वाटायची! म्हनून थुकी घेतलीस व्हय माझी? आन् मी म्हनते, शुगरचा कागद कसा यीना!"

हसू ओसरलं तेव्हा विजयश्रीने फोन पुढे केला. "आई, तुझा भाचा सापडलाय. त्याच्या मुलीला निरोप पाठवता येतो. पाठवू का?"

केसरबाईंनी फोनकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "बेलभंडारा उचललाय मी."

आईने नको म्हटलं असतं तर विजयश्रीने फोन खिशात टाकला असता. केसरबाईंनी मेथीची एक काडी उचलली, खुडली, पुन्हा ठेवली.

"मी काय बोलले व्हते देवाम्होरं? की मला ठावं न्हाई. ते खरंच व्हतं." त्या सावकाश म्हणाल्या. "कदी कळून घेनारच न्हाई, आसं कुठं बोलले व्हते? धाड निरोप."

निरोप उत्कर्षाने लिहिला. तिने बजावलं होतं, की पहिल्या निरोपात सगळं ओतायचं नाही, माणूस घाबरून गप्प बसतं. मोजक्या ओळी लिहिल्या, 'तुमच्या वडिलांशी आमचं जवळचं नातं जुळतंय. आमचं मूळ गाव कुरुळी, चाकणजवळ. माझी आजी केसरबाई. तुमच्याकडे कुणाला हे नाव माहीत आहे का?'

दुसऱ्या दिवशी तेजलचं उत्तर आलं. 'आजीला फोन करून विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, केसर जिवंत हाय का, तेवढं सांग.'

संध्याकाळी फोन लागला. चित्र आधी हललं, मग छताचा पंखा दिसला, मग एका माणसाचं नाक. "थांबा हं, आत्या, मी दादासाहेब. आईकडे देतो." विजयश्री दचकली. ते नाक आप्पांचं होतं. तसंच, टोकाशी जरा वाकलेलं.

मग पडद्यावर एक म्हातारी आली. बारीक चणीची, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला.

दोघी बघत राहिल्या. ज्ञानेशला वाटलं नेटवर्क गेलं, तो फोन हलवायला पुढे झाला. विजयश्रीने त्याचा हात धरला.

"वन्सं," भागूबाई म्हणाल्या.

"वन्सं," केसरबाई म्हणाल्या. "वाळलीस की गं."

"तू लय जाड झालीस व्हय! गुडघं दुखत्यात का?"

"दुखत्यात. तुझं?"

"डावा. कुठं ऱ्हाता?"

"मोशीला. लेकीपाशी. आन् तुमी?"

"आमी नाशकाला, सातपूरला. आदी खोपोलीला व्हतो, दादा भाऊबीजेला तितंच यायचे. ते आले न्हाईत तवा आमी दोन भाऊबीजा वाट बघितली. मग कुनाकडनं तरी कळलं. कंपनी बंद पडली, आमी हिकडं आलो."

केसरबाईंचं लक्ष बोलण्यात नव्हतं. त्या भागूबाईंच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. भिंतीवर एक फोटो होता. फोटोला हार होता.

"वन्सं, मागं भितीवर कोन हाय?"

भागूबाईंनी मान वळवली नाही. "त्येच हायत," त्या म्हणाल्या. "लय दीस न्हाई झालं. चार-पाच वर्सं. शेवटाला तुझंच नाव घ्यायचे. म्हनायचे, माझ्यापायी केसरला बाजारात बसावं लागलं."

केसरबाईंनी पदर तोंडाला लावला. भागूबाईंनीही लावला. मधे सगळा नाशिक रस्ता, आणि दोघी एकाच वेळी नाक ओढत होत्या. दादासाहेब पलीकडे आणि विजयश्री अलीकडे, दोघंही आपापल्या आईच्या मागे उभे राहून एकमेकांना नुसती मान हलवत होते.

"त्यांना सांगायचं ऱ्हायलं," केसरबाई पदराआडून म्हणाल्या, "की मी बाजारात बसले म्हनून तर ह्यांच्या सायकलवर बसले. न्हाईतर सायकलवर कोन बसवतंय मला?"

भागूबाई रडता रडता हसल्या. मग डोळे पुसून एकदम कामाला लागल्यागत म्हणाल्या, "मी येते. दादासाहेब गाडी काढील. माहेरी यायचंय मला. भाऊ न्हाई, पर भावजय हाय, माझं माहेर तितंच हाय."

"तू कशाला? मी येते!" केसरबाई सरसावून बसल्या. "माहेर तर माझं तितं हाय. माझ्या भावाचं घर हाय ते."

"माझ्या भावाचं घर तितं हाय!"

"माझा भाऊ तितं गेला. तितं मी आदी येनार. मग तू हिकडं ये आन् म्हैनाभर ऱ्हा."

विजयश्री आणि पलीकडून दादासाहेब दोघेही ऐकत होते. दोघींचंही खरं होतं. दोघींचंही माहेर दुसरीच्या घरात होतं.

भागूबाईंनी मान वळवली. फोटोकडे एकदा बघून घेतलं. "बरं. ये. कवा येतीस?"

केसरबाईंनी लेकीकडे पाहिलं. "तुझी सुट्टी कवा असती?"

"गुरुवारी," विजयश्री म्हणाली.

"गुरुवारी," केसरबाईंनी फोनमध्ये सांगितलं.

"आगं, गुरुवारी माझा उपास असतो!"

"माझाबी असतो."

"मग गं?"

"मग काय," केसरबाई म्हणाल्या, "साबुदाना जास्तीचा भिजव."